आईच्या वहीतल्या नोंदी : बाईंची तुमची आठवण सांगा

गेल्या फाल्गुनात आमची आई गेली. ७९ वर्षांची होती. मंगळवेढ्यात तिला कुणी नावानं हाक मारलेली मला आठवत नाही, ती सगळ्यांची 'बाई'. १९६६ मध्ये जिल्हा परिषदेच्या शाळेत लागली, २००३ मध्ये निवृत्त झाली. मधली बरीचशी वर्षं चौथीचा वर्ग.

दहा दिवस घर माणसांनी भरलं होतं. जो येई तो ओसरीवर टेके, पाणी पिई आणि आईचं काहीतरी सांगे. ऐकताना मला दर वेळी एकच वाटायचं, हे आपल्याला कसं ठाऊक नाही?

तेराव्यानंतर तिचं कपाट आवरलं. तळाशी हिशेबाच्या वह्या निघाल्या, सुतळीनं बांधलेल्या. पगार, वाणी, दूध, दळण, माझी नि भावाची फी, सगळं पैशापैशापर्यंत लिहिलेलं. आणि मधूनच अशा नोंदी, ज्यांचा आमच्या घराशी काही संबंध लागत नाही. 'उजळणी १, पाखरे.' 'रॉकेल, ओसरी.' 'पंढरपूर जाऊन येऊन, दोघे. चष्मा.' 'पेढे पाव किलो. माझी चूक.' 'हिरव्या रिबिनी २ जोड.' दर जूनच्या पानावर तर नुसतंच 'मुली ७', 'मुली ५', 'मुली ९', आणि पुढे रक्कमच नाही.

मनातलं सांगते. लहानपणी मला आईचा राग यायचा. शाळा अकराची, ती साडेनऊला घर सोडायची. माझी वेणी आजी घालायची, आणि आजीचा हात जड होता, डोळ्यांत पाणी यायचं. चौथीला मी तिच्याच वर्गात होते. तिथं 'बाई' म्हणायचं अशी घरून ताकीद. सगळ्यांना प्रश्न विचारून झाले की शेवटी माझा नंबर, आणि तोवर घंटा झालेली असायची. शाळेनं माझी आई नेली, असं मी कित्येक वर्षं मनात धरून होते.

म्हणून हे विचारते आहे. तुम्ही तिच्या हाताखाली शिकला असाल, तिच्याबरोबर नोकरी केली असेल, शेजारी राहिला असाल, तर लिहा. दोन ओळी लिहिल्यात तरी चालतील. एखादी नोंद ओळखीची वाटली तर नक्की सांगा.

१९७५ ची चौथी. शेती करतो

ताई, पाखरं म्हणजे मीच.

आमचं रान गावाच्या उगवतीला, काळंभोर, भारी जमीन. मालदांडी ज्वारी. पेरली की वरनं पाणी द्यायचं नाही, जमिनीतल्या ओलीवर आणि थंडीवर येती. पौषात कणसात दाणा भरला की पाखरांची झुंबड. आमच्यात राखणीला दुसरं कोण नव्हतं, मग माझी शाळा बंद. दीड-दोन महिने मी माळ्यावर, हातात गोफण.

बाई एकदा शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर रानात आल्या. मला वाटलं आता माझ्या बाला बोलणार. बोलल्या नाहीत. माळ्याखाली उभ्या राहून विचारलं, "दिवसभर काय ओरडतोस?" म्हटलं, हाऽऽ हाऽऽ करतो. पिशवीतनं उजळणीचं पुस्तक काढून वर दिलं. म्हणाल्या, "हे ओरड. पाखरांना काय, आवाजाशी काम."

त्या सुगीत मी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी सगळं रानात ओरडलो. औटकी लई अवघड, साडेतीनाचा पाढा, ती तर शंभरदा म्हटली असंल. कणसं मोडून झाल्यावर शाळेत गेलो तर वर्गात औटकी येणारा मी एकटा. बाईंनी मला फळ्यापुढं उभं केलं आणि सगळ्यांना माझ्या मागनं म्हणायला लावलं.

आज बाजार समितीत कट्टी किती, दर किती, हमाली किती, माझा हिशेब मोबाइलच्या आधी होतो. परवा नातू म्हणाला आजोबा, औट म्हंजे काय? त्याला सांगितलं, साडेतीन. आणि बाईंचं सांगितलं.

१९७२ च्या दुष्काळात दुसरीत होते. सोलापूर

आई-वडील दोघंही दुष्काळी कामावर, खडी फोडायला. मंगळवेढा म्हणजे ज्वारीचं कोठार, तिथं राहून आम्ही रेशनची लाल मिलो ज्वारी खात होतो. शाळेत सुकडी मिळायची. माझा धाकटा भाऊ तीन वर्षांचा, त्याला घरी कुणाजवळ ठेवणार? मी त्याला कडेवर घेऊन शाळेत जायची. एक पाहुणे साहेब आलेले, त्यांनी विचारलं हा कोण? बाई म्हणाल्या, "हा पाटी धरतो." खरंच त्याच्या हातात पाटी होती, बाईंनीच दिलेली. सुकडी पटावरच्या मुलांनाच. बाई आपल्या डब्यातली अर्धी भाकरी त्याला चारायच्या.

दामाजीपंतांची गोष्ट बाईंनी आम्हाला त्याच वर्षी सांगितली. बादशहाचं धान्याचं कोठार त्यांनी लोकांसाठी उघडलं ती. गावात देऊळ आहे, गोष्ट सगळ्यांनाच माहीत. पण पोटात भूक असताना ऐकलेली ती गोष्ट मला वेगळी आठवते. कोठाराचं दार उघडतं त्या जागी बाई थांबायच्या, आणि आम्ही सगळे श्वास रोखून बसायचो.

शेजारी

रॉकेलची नोंद १९७७-७८ ची आहे का बघ. डिसेंबर-जानेवारीची असेल.

तेव्हा सरकारी कर्मचारी आणि शिक्षकांचा ५४ दिवसांचा संप झाला होता. १४ डिसेंबर १९७७ ला सुरू झालेला. पगार नाही. तुझे वडील एस.टी.त, मुक्कामी गाडीवर, म्हणून तुमचं निभावलं. तुझी आई संपात पहिल्या दिवसापासून होती, एकदाही शाळेची पायरी चढली नाही. पण चौथीची शिष्यवृत्ती परीक्षा तोंडावर आलेली. संध्याकाळी दिवेलागणीला तुमच्या ओसरीवर बारा-पंधरा पोरं येऊन बसायची, दोन कंदील लावून. त्यावरून संपातलीच एक-दोन माणसं तिला बोलायला आली. मी आमच्या दारातून ऐकत होते. ती म्हणाली, "मी शाळेत गेले नाही. माझ्या ओसरीवर कोण बसतं ते माझं मी बघेन." आवाज चढवला नाही. ते लोक गेले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्यातल्याच एकाचा मुलगा पाटी-दप्तर घेऊन आला.

तू त्या पोरांत कोपऱ्यात पेंगत असायचीस. तुला आठवत नसेल.

१९८४ ची चौथी. पुण्यात मुद्रितशोधन करतो

आमच्या घरी 'पानी', 'लोनी', 'कोन'. शाळेत पहिल्यांदा मोठ्यानं वाचलं तेव्हा वर्ग हसला. बाईंनी हसणाऱ्यांना उभं केलं. मग मला जवळ बोलावून हळू म्हणाल्या, "घरात पानी पी. वहीत पाणी लिही. दोन्हीनं तहान भागते."

एवढंच. मी पुढे मराठी घेऊन एम.ए. झालो, भाषेवर पुष्कळ वाचलं, प्रमाण आणि बोली यांवरचे वाद ऐकले. बाईंच्या त्या तीन वाक्यांनी मला दोन्हीकडची लाज वाटू दिली नाही. आजही गावी गेलो की आईकडं पानीच मागतो.

१९८१ ची चौथी

'पेढे पाव किलो, माझी चूक' ही नोंद वाचली आणि दोन दिवस लिहू की नको यात गेले. लिहितो.

वर्गातल्या एका मुलाची कंपासपेटी गेली, नवी कोरी. आदल्या दिवशी मी ती हातात घेऊन पाहिली होती, हे कुणीतरी सांगितलं. बाईंनी विचारलं, मी नाही म्हणालो. पुन्हा विचारलं, मी गप्प राहिलो. बाईंनी मला थोबाडीत मारली. बाईंचा हात एरवी फारसा उठत नसे, म्हणून ती जास्त लागली. आम्ही ज्या वस्तीत राहायचो तिथल्या मुलांवर आळ पटकन यायचा, ते मला त्या वयातही कळत होतं.

दोन दिवसांनी पेटी त्या मुलाच्या घरीच सापडली, धान्याच्या पोत्यामागं. मला वाटलं विषय संपला. दुसऱ्या दिवशी प्रार्थना झाल्यावर बाईंनी मुलांना वर्गात जाऊ दिलं नाही. सगळ्या शाळेसमोर मला पुढे बोलावलं. म्हणाल्या, "मी याला चोर समजून मारलं. यानं चोरी केली नव्हती. चूक माझी आहे." आणि माझ्यापुढं हात जोडले. शिक्षिकेनं मुलापुढं हात जोडलेले मी तोवर पाहिले नव्हते, नंतरही नाही.

संध्याकाळी घरी आल्या, पेढे घेऊन. आमच्या घरी गावातलं सहसा कुणी चहा घेत नसे. बाई आत येऊन चुलीजवळ बसल्या, आईला म्हणाल्या, "चहा ठेवा, गूळ असला तरी चालेल." माझी आई त्या दिवसाचं पुढे मरेपर्यंत सांगायची. थोबाडीत बसल्याचं नव्हे, चहाचं. आमच्याच गावच्या वेशीच्या भिंतीखाली चोखोबा गेले, आणि आमच्याच गावात बाई आमच्या चुलीशी बसल्या.

मी आता मुख्याध्यापक आहे. मुलावर आळ घेण्याआधी माझा हात आपोआप गालावर जातो.

१९८८ ची तिसरी, तीही अर्धीच

आम्ही बीडकडचे, ऊसतोडीचे. दिवाळी झाली की गाडी भरायची आणि साखर कारखान्याच्या तळावर कोपी, म्हणजे पाचटाची झोपडी, टाकायची. बाईंनी तळावर येऊन आम्हा चार पोरांना नेलं. दाखला नव्हता, पटावर नाव लागत नव्हतं. बाई म्हणाल्या बसा तर खरं.

पट्टा पडला, म्हणजे तोडीचा हंगाम संपला, तेव्हा निघायच्या दिवशी त्यांनी मला एक कागद दिला, गावाकडच्या गुरुजींना द्यायला. त्यात काय होतं ते मला अजून पाठ आहे, कारण वाटेत ट्रकवर बसून मी तो कितीदा तरी वाचला. 'हा विद्यार्थी आमच्याकडे १०२ दिवस बसला. एकही दिवस चुकला नाही. त्याला भागाकार येतो. कृपया त्याला मागे बसवू नये.'

गुरुजींनी चौथीत घेतलं. कागद मात्र ठेवून घेतला, तेवढा मागून घ्यायला हवा होता.

१९७९ ची चौथी. तलाठी होतो

पंढरपूरला चष्म्यासाठी गेलेल्या 'दोघां'मधला एक मी. फळ्यावरचं दिसत नाही हे मला माहीतच नव्हतं, सगळ्यांना तेवढंच दिसतं असं वाटायचं. बाई फळ्यावर लिहिताना बोलायच्या, ते ऐकून मी उतरवायचो. एक दिवस त्या मुद्दाम न बोलता लिहीत गेल्या, आणि माझी पाटी कोरी राहिली. त्या रविवारी एस.टी.नं पंढरपूर. परत येताना खिडकीतून लिंबाच्या झाडाला वेगवेगळी पानं असतात हे पाहिलं. बाईंना म्हणालो, झाडाला किती पानं! त्यांनी तोंड दुसरीकडं वळवलं.

बाईंच्या बरोबर नोकरी केलेली

'मुली ७' चं मी सांगते, कारण त्यांतल्या अर्ध्या पायपिटीला मी बरोबर होते.

चौथी झाली की मुलीचं नाव कमी व्हायचं. पाचवीला मोठ्या शाळेत घालायचं तर घरी धाकटी भावंडं कोण सांभाळणार, शेण-पाणी कोण करणार? निकाल लागला की तुझी आई यादी करायची. कोणती मुलगी पास झाली, आणि कुणाचा दाखला नेलेला नाही. मग जूनचे पहिले पंधरा दिवस घरोघर. ती भाषण करायची नाही. जाऊन बसायची, सासू-सुनांच्या गोष्टी ऐकायची, शेंगा फोडू लागायची. निघताना म्हणायची, "मग सोमवारी येते हं तिला न्यायला." जणू ठरलेलंच आहे. आणि सोमवारी खरंच जायची. काही घरांत तीन-तीन, चार-चार सोमवार.

पाचवीत बसवलेल्या मुलींचा तो आकडा आहे. खर्च म्हणून नाही लिहिला, तिला तिथं लिहायची सवय म्हणून. १९८३ पासून दत्तक पालक योजना आली, मुलींच्या शिक्षणासाठी कुणी पालकत्व घ्यायचं अशी, सावित्रीबाईंच्या नावाची. मग तिनं वाणी, डॉक्टर, कापडवाले कुणाला सोडलं नाही. योजनेआधी मात्र वह्या-पुस्तकं तिच्याच पगारातून. जनगणना, निवडणूक, पुढे पोलिओचे डोस, या कामांना आम्ही सगळ्या वैतागायचो. ती त्यातही कुठल्या घरात शाळेच्या वयाची मुलगी आहे ते टिपून आणायची.

निकाल जाहीर होताना ती खुर्चीवर बसायची नाही, सांगते. दारात उभी राहायची. नापास झालेलं पोर आधी बाहेर पळतं, त्याला धरायला.

धाकटा भाऊ

ताईनं लिहिलंय ते मला तसं वाटलं नाही. मला आई पुरेशी मिळाली. पहाटे पाचला ती भाकरी थापायची, मी चुलीसमोर पोतं पांघरून बसायचो. ती परातीत पीठ मळता मळता माझ्याकडून कविता म्हणून घ्यायची आणि चुकलं की थापायची थांबायची. तो आवाज थांबला की मला कळायचं, ओळ चुकली. पहिली भाकरी, शेंगाची चटणी, त्यावर तेल. आजही मला कविता आणि भाकरीचा वास वेगळा काढता येत नाही.

शेवटच्या वर्षात तिला माणसं ओळखू येईनाशी झाली. मला 'गुरुजी' म्हणायची. पण समोर वर्तमानपत्र धरलं की लाल पेन मागायची.

सून

मी लग्न होऊन आले तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला सोडलेलं होतं. लग्नाला महिना झाला नसेल, आईंनी विचारलं, "फॉर्म कधी भरायचा?" मला कळेना कसला. तिसऱ्या वर्षाची परीक्षा दिली तेव्हा माझा मुलगा चार महिन्यांचा होता. पेपर सुटेपर्यंत आई त्याला घेऊन केंद्राबाहेर लिंबाखाली बसायच्या. पाण्याची बाटली, झबलं आणि मांडीवर तपासायच्या वह्यांचा गठ्ठा.

तिसरीतली, १९७७

ताई, तुमचं पहिलं पान मी आल्या आल्या वाचलं होतं. रिबिनींचं वाचलं आणि बंद केलं. आज लिहिते आहे.

माझी आई मी सहा वर्षांची असताना गेली. घरात वडील आणि दोन मोठे भाऊ. केसांचं कुणाला काही कळत नव्हतं. उवा झालेल्या, जटा झालेल्या. वर्गात माझ्याशेजारी कुणी बसत नव्हतं. वडील म्हणाले केस कापून टाकू, न्हाव्याला बोलावतो. मी शाळेत जाऊन रडले.

दुसऱ्या दिवशी बाई शाळेच्या आधी आमच्या घरी आल्या. आमचं घर शाळेच्या वाटेवर, वेशीच्या अलीकडं. पिशवीत तेलाची बाटली आणि लाकडी फणी. उंबऱ्यावर मला दोन पायांच्या मध्ये बसवलं. पहिल्या दिवशी तासभर नुसता गुंता सोडवला, एक केस तुटू दिला नाही. मग रोज. आधी फणी, मग तेल, मग तीन पेड, घट्ट, वर दुमडून बांधायचे. पेड घालताना बाई माझ्याकडून पाढे म्हणून घ्यायच्या. सतराचा पाढा म्हणून झाला की वेणी झालेली असायची. जून ते पुढच्या एप्रिलपर्यंत. त्या वर्षात मी स्वतः घालायला शिकले.

रिबिनी दिल्या त्या दिवशी म्हणाल्या, "माझ्या मुलीलाही अशाच घेतल्यात. पण तिला हे सांगू नकोस हं. तिची वेणी तिची आजी घालते. मला सकाळी तिच्या केसांना हात लावायला वेळ होत नाही, तिला कळलं तर वाईट वाटेल."

मी कुणालाच सांगितलं नाही. शाळेत तुम्ही माझ्या पुढं उभ्या असायच्या प्रार्थनेला. तुमच्या रिबिनी आणि माझ्या सारख्याच. मला रोज वाटायचं की तुम्ही मागं वळून बघाल. आता बाई नाहीत, म्हणून सांगितलं. रागावू नका.

पुन्हा मी

रागावले नाही गं.

काल रात्री तुझं वाचलं आणि वही पुन्हा काढली. १३ जून १९७७ ची नोंद आहे. 'हिरव्या रिबिनी २ जोड', खाली 'खोबरेल, लहान बाटली', त्याखाली 'फणी'. फणी आमच्या घरी आधीपासून होती, तेव्हा ती दुसरी कुणासाठी घेतली हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं.

साडेनऊ ते अकरा. त्या दीड तासाचा हिशेब मी ४७ वर्षं मागत होते.

मला आणखी एक आठवलं ते तुझ्यामुळे. रविवारी आई माझं डोकं विंचरायची. न्हाणं झाल्यावर, उन्हात, पायरीवर. आणि ती पेड घालायला लागली की मलाही पाढे म्हणायला लावायची. सतरालाच संपायची माझीही वेणी. रविवारचं मी विसरून गेले होते, आजीच्या जड हाताचंच धरून बसले होते.

ओसरीवरची मी पेंगत असायची, तेही शेजारच्या काकूंनी सांगितलं तेव्हा कळलं. पाखरांचे दादा, तुमच्याकडं यंदा हुरड्याला येईन म्हणते, नातवाला औटकी म्हणून दाखवायला सांगा. बीडच्या दादांनी तो कागद जसाच्या तसा लिहून पाठवावा, वहीत लावून ठेवीन. 'मुली' ची बेरीज मी अजून केलेली नाही, भाऊ आणि मी बसून करू.

तू मात्र ये. कुठे असतेस तेही लिहिलं नाहीस. लेकी-सुना झाल्या असतील तुझ्या. दिवाळीत मी मंगळवेढ्यालाच आहे, घर तेच, पायरीही तीच आहे. आपल्या घरातली ती आधीची लाकडी फणी माझ्याकडे आहे. एका बाजूचे दोन दात गेलेत. तुझ्याकडची अजून असली तर घेऊन ये.